विहीर उघडली, खोली मिळेना: जात गेली कुठून आणि राहिली कुठे?

आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्या रोजच्या जगण्यातलाच आहे. ज्यांना इअरफोन लावून पूर्ण भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो लिहून देतोय. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, फक्त तारखा आणि आकडे नीट लावून घेतलेत.

प्रश्न साधा आहे. "जात आता राहिलीच कुठे?" हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल. आणि तो अगदीच चुकीचा नाही. आपल्या कारंजात (घाडगे बरं का, नाहीतर लोक लगेच वाशिमचं कारंजा लाड समजतात) हायवेवरच्या टपरीवर चहा पिताना कोणी कोणाची जात विचारत नाही. आर्वीच्या एसटीत शेजारी कोण बसलंय याने कोणाला फरक पडत नाही. कॉलेजात, क्रिकेटच्या टीममध्ये, जिममध्ये सगळे एकत्र असतात.

आता तोच पोरगा पुण्यात नोकरीला जातो आणि खोली शोधतो. घरमालक आधी विचारतात, "आडनाव काय?" आडनावावरून अंदाज लागला नाही तर, "गाव कुठलं? वडील काय करतात? नॉनव्हेज खाता का?" आणि शेवटी, "आम्ही कळवतो." ते कळवत नाहीत.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून "जात गेली की राहिली" असं विचारलं तर वाद नुसता गोल फिरत राहतो. त्यापेक्षा असं विचारूया: जात कुठून गेली, कुठे राहिली, आणि तिथेच का राहिली? याचं उत्तर मिळालं तर पुढे काय करायचं तेही कळतं.

वर्ध्याचं दार आणि महाडचं तळं

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. वर्धा शहरातलं लक्ष्मीनारायण मंदिर तुम्ही पाहिलं असेल. बजाज कुटुंबाचं ते मंदिर. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी ते तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुलं केलं. मोठं मंदिर असं उघडण्याचं देशातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण आहे. सनातनी मंडळींचा विरोध होता, तरी ते झालं. पुढे नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्धचा देशभराचा दौरा सुरू केला, तोही वर्ध्यातूनच.

आता त्याच्या एक वर्ष आधीची महाडची गोष्ट बघा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. गंमत म्हणजे कायद्याने ते तळं आधीच खुलं होतं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. त्यात सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले ठेवा असं म्हटलं होतं. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. पण कागदावर खुलं असलेल्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या लोकांना त्याच दिवशी मारहाण झाली. तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. मग प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला मार्च १९३७ मध्ये. पाणी पिण्याचा हक्क सिद्ध करायला दहा वर्षं लागली.

या दोन घटनांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. वर्ध्यात दार मालकाने उघडलं. मालक चांगला होता म्हणून ते उघडलं. महाडमध्ये लोक म्हणाले, हे सार्वजनिक आहे, आमचा हक्क आहे, परवानगी कोणाची घ्यायची? पहिल्या प्रकारच्या समतेला चांगल्या माणसाची गरज लागते. दुसऱ्या प्रकारच्या समतेत समोरचा माणूस चांगला असो वा नसो, तुमचं पाणी अडत नाही. आज आपण जिथे जिथे जात दिसत नाही म्हणतो, तिथे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची समता पोचलेली असते. आणि जिथे जात अजून दिसते, तिथे अजूनही समोरच्याच्या चांगुलपणावर गाडी चालते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जे बदललं ते खरंच मोठं आहे

काही लोक म्हणतात काहीच बदललं नाही. हेही बरोबर नाही. असं म्हणणं म्हणजे ज्यांनी मार खाऊन हे मिळवलं त्यांच्यावर अन्याय आहे.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि ती पाळणं गुन्हा ठरवलं. १९५५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा आला. तो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. १९८९ मध्ये अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप तर १९४४ पासूनची आहे. आज महाडीबीटीवर फॉर्म भरताना सर्व्हर डाऊन असला की आपण वैतागतो. पण त्या योजनेवर किती घरांतला पहिला ग्रॅज्युएट उभा आहे, हे आजूबाजूला विचारा.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि सरपंचपदाचं आरक्षण फिरतं झालं. ज्या माणसाला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्याच्या घरातली बाई सरपंचाच्या खुर्चीत बसू लागली. तिला तिथे काम करू देतात का हा वेगळा प्रश्न, पण खुर्ची तिची आहे.

आणि आपल्या विदर्भाबद्दल बोलायचं तर १४ ऑक्टोबर १९५६ विसरून चालणार नाही. नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांमध्ये विहार उभे राहिले, अनेक घरांत शिकण्याची ओढ लागली, आणि खालमानेने जगायचं नाही हा विचार घरात आला. हा बदल कोणी वरून दिलेला नाही.

मग जात बसली कुठे?

सोप्या भाषेत तीन जागा सांगतो.

पहिली जागा आहे घर. म्हणजे स्वयंपाकघर आणि भाड्याची खोली. २०११-१२ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी देशभरातल्या ४२ हजारांहून जास्त कुटुंबांचा सर्व्हे केला. त्यात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कुठल्या ना कुठल्या स्वरूपात अस्पृश्यता पाळली जाते असं सांगितलं. लक्षात घ्या, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. न सांगणारे यात नाहीत.

दुसरी जागा आहे खाजगी नोकरी. इथे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांचं काम बघण्यासारखं आहे. ते पुढे यूजीसीचे अध्यक्षही झाले. त्यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत एक प्रयोग केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. डिग्री सारखी, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं. एका अर्जावर सवर्ण हिंदू वाटेल असं नाव, एकावर दलित वाटेल असं, एकावर मुस्लिम. निकाल काय आला? पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला साधारण एक-तृतीयांश. अर्ज वाचणाऱ्या कुठल्याही एका एचआरने "मी जात बघितली" असं म्हटलं नसेल. कदाचित त्याला स्वतःलाही ते जाणवलं नसेल. पण हजारो अर्ज एकत्र केले की नक्षी स्पष्ट दिसते.

तिसरी जागा आहे लग्न. वर सांगितलेल्या सर्व्हेत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण देशात सुमारे ५ टक्के निघालं. म्हणजे १०० पैकी ९५ लग्नं जातीतच. मॅट्रिमोनी अ‍ॅप उघडा. कुठल्याही शॉपिंग साइटवर 'प्राइस' चा फिल्टर असतो, तसा इथे 'कास्ट' आणि 'सबकास्ट' चा फिल्टर असतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच हे मांडलं होतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं, मंडळाने मजकूर पाहून परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. त्यात त्यांचा मुद्दा होता की एकत्र जेवून जात जात नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्न हाच आहे. गांधीजी पूर्वी यावर वेगळं बोलत. पण सेवाग्रामच्या शेवटच्या काही वर्षांत तेही म्हणू लागले की वधू-वरांपैकी एक दलित असेल अशाच लग्नाला माझा आशीर्वाद. दोन टोकांची माणसं शेवटी एकाच दाराशी आली.

आता मघाचा मुद्दा आठवा. घर, खाजगी नोकरी, लग्न: या तिन्ही ठिकाणी निर्णय बंद दाराआड होतो. विहिरीवर अडवलं तर चार साक्षीदार असतात. खोली नाकारली तर "आधीच दिली" एवढं म्हटलं की विषय संपतो. सार्वजनिक जागेत कायद्याचा हात पोचला म्हणून तिथली जात मागे हटली आणि जिथे तो पोचत नाही तिथे जाऊन बसली.

मशीनला जात कळते का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हा भाग थोडा माझ्या धंद्याचा. बरेच जण म्हणतात, आता रिझ्युमे सॉफ्टवेअर बघतं, लोन अ‍ॅप ठरवतं, मशीनला कुठली आली जात?

असं बघा. मशीनला आपण जुना डेटा देतो आणि सांगतो, आधी ज्यांना घेतलं त्यांच्यासारखे लोक शोध. समजा डेटामधून जातीचा कॉलम काढून टाकला. तरी आडनाव राहिलं. आडनाव काढलं तर पिनकोड राहिला, शाळेचं नाव राहिलं, गाव राहिलं. आपल्याकडे वस्त्याच जातीप्रमाणे वसलेल्या आहेत. त्यामुळे पत्ता बरंच काही बोलून जातो. जुन्या निर्णयांमध्ये भेदभाव असेल, तर मशीन तो इमानदारीने शिकतं आणि वेगाने पुढे चालवतं. वर त्याला "कॉम्प्युटरने ठरवलं" असं नाव मिळतं, मग भांडायचं कोणाशी? त्यामुळे जातीचा कॉलम काढून काम भागत नाही. उलट कोणत्या गटातले किती लोक निवडले गेले आणि किती गळाले, हे मुद्दाम मोजावं लागतं. मोजलंच नाही तर भेदभाव दिसत नाही, आणि दिसला नाही की लोक म्हणतात तो नाहीच.

पत्त्यावरून आठवलं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. चांगला निर्णय आहे. आधार कार्डावर, नोकरीच्या फॉर्मवर पोराला आपली जात पत्ता म्हणून लिहावी लागू नये. पण नाव बदललं म्हणून वस्ती गावाच्या कडेवरून मध्यभागी येत नाही, आणि तिथला रस्ता आपोआप डांबरी होत नाही. पाटी बदलणं ही सुरुवात आहे, एवढंच.

बेड्यावरची गोष्ट

जात म्हटलं की आपण एकाच चौकटीत विचार करतो. आपल्या जिल्ह्यात पारधी बेडे आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला आणि अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवून टाकलं. बाळ जन्मलं की गुन्हेगार. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. पण कायदा गेला तरी संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पहिलं नाव कोणाचं घेतलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. विषय तुरुंगांचा होता. अनेक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये झाडू-सफाई कोणत्या जातीच्या कैद्याने करायची, स्वयंपाक कोणी करायचा, असे नियम तोवर चक्क छापील होते. कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. वर्ष बघा, २०२४. म्हणजे "जात मनात राहिलीय, नियमात नाही" हेही पूर्ण खरं नव्हतं.

कायदा असून न्याय का अडतो?

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलांची, जमावाने हत्या केली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं आणि सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. पण दोन्ही कोर्टांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा टिकला नाही. खून सिद्ध झाला, पण तो जातीमुळे झाला हे सिद्ध झालं असं कोर्टाने मानलं नाही.

असं कसं? तेव्हाच्या कलमात अट होती की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' झाला पाहिजे. आरोपीच्या मनातलं कारण सिद्ध करणं महाकठीण. नंतर कायदा दुरुस्त झाला. २६ जानेवारी २०१६ पासून गंभीर गुन्ह्यांच्या त्या कलमात, पीडित व्यक्ती त्या समाजाची आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला, एवढं पुरेसं ठरलं. दोन शब्दांचा फरक, पण खटल्यात त्याने मोठा फरक पडतो.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तक्रारीआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी परवानगी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८अ आणून त्या अटी काढल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

"पण खोट्या केसेस होतात ना?" हा प्रश्न येणारच. कुठल्याही कायद्याचा गैरवापर होऊ शकतो आणि तो करणाऱ्याला सोडू नये. पण आरोपी सुटला म्हणजे केस खोटी होती असं होत नाही. साक्षीदार फितूर होतो, तपास उशिरा होतो, गावात राहायचं असल्याने घरचेच तडजोड करतात. खैरलांजीत चार मृतदेह होते, तरी हे कलम टिकलं नाही. मग शिवीगाळीच्या केसचं काय होत असेल, विचार करा.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. आणि आपल्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच.

तिथलाही अनुभव असाच आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत वेगळ्या शाळा, बसमधल्या वेगळ्या जागा कायद्याने संपल्या. तिकडे राष्ट्राध्यक्षही कृष्णवर्णीय झाला. तरी घर, नोकरी, पोलीस या ठिकाणी रंग आडवा येतोच. आणि आपण जात विमानात बसवून तिकडेही नेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातीय भेदभावावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. कॅलिफोर्नियात तसं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते परत पाठवलं.

मग आपण काय करायचं?

उपदेश नको, कामाच्या गोष्टी सांगतो.

जातीवरून अपमान, मारहाण, धमकी झाली तर तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा ठरायला तो 'लोकांच्या नजरेसमोर' झालेला असावा लागतो, म्हणून साक्षीदार महत्त्वाचे. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि दोषारोपपत्रासाठी ६० दिवसांची मुदत आहे. अत्याचाराविरुद्धची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आहे. दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा.

जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकलं, तर त्यासाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आंतरजातीय लग्न करणाऱ्या पात्र जोडप्याला राज्याच्या योजनेतून ५० हजार रुपये मिळतात. पैशाने कोणी लग्न करत नाही, मान्य. पण घरच्यांनी पाठ फिरवल्यावर पहिल्या महिन्याचं भाडं त्यातून निघतं.

आणि ज्यांना जातीचा त्रास कधी झाला नाही, त्यांच्यासाठी एकच. बंद दाराआडचे निर्णय तिथे आत असलेल्यांनाच दिसतात. फ्लॅटमध्ये नवा रूममेट घेताना कोणी "आडनाव काय त्याचं?" विचारलं, ऑफिसात कोणी "कोट्यातला आहे" म्हणून हसलं, घरी काकूंनी कामवाल्या ताईंचा कप वेगळा ठेवला, तर तिथे साक्षीदार तुम्हीच असता. तिथे पोलीस नाहीत, कोर्ट नाही. तिथे तुम्ही "का?" एवढंच विचारलं, तरी समोरच्याला उत्तर शोधावं लागतं.

भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. वाद झाला तर होऊ द्या. भेटू पुढच्या भागात. जय महाराष्ट्र, जय संविधान.